देव परत आणायचा तर राईवरचा हक्कही परत द्यावा लागेल

हल्ली जिकडेतिकडे एक बोलणं ऐकू येतं, की इंग्रजांनी आपल्याला आपल्याच मातीपासून तोडलं, आपले देव, आपली झाडं, आपली औषधं सगळं आपण मागास म्हणून टाकून दिलं, आणि आता मुळांकडे परत जायला हवं. व्हिडिओ येतात, शिबिरं भरतात, मुळशी-कर्जतकडे लोक वीकेंडला जंगलात ध्यान करायला जातात. यातल्या बऱ्याच जणांची ओढ खरी असते, मी तिला खोटी म्हणणार नाही, मलाही ती आहे. पण एक गोष्ट मला सतत खटकते. ही सगळी चर्चा मनाभोवतीच फिरते, म्हणजे वसाहतवादाने आपलं मन गुलाम केलं, आता मन मोकळं करा, झाडाला मिठी मारा, पूर्वजांना हात जोडा. अहो, इंग्रजांनी मनाला हात घातला तो घातलाच, पण त्याआधी जंगल घेतलं ना. कायदा करून, नकाशे काढून, कचेरीत नोटीस लावून घेतलं. आणि ते अजून पुरतं परत दिलेलं नाही. हा हिशोब बाजूला ठेवून जी काही मुळांकडे परत जाण्याची भाषा चालते ती माझ्या मते अर्धी आहे, आणि जो अर्धा भाग राहून जातो तोच महत्त्वाचा आहे.

देवराईचंच उदाहरण घेऊ कारण आपल्याकडे पूर्वजांचा धर्म आणि निसर्ग जिथे खरोखर एकत्र दिसतो ती जागा हीच. सह्याद्रीत आणि कोकणात गावाच्या एका अंगाला, बऱ्याचदा झऱ्यापाशी नाहीतर ओढ्याच्या उगमाशी, जंगलाचा एक तुकडा देवाच्या नावाने राखलेला असतो. देव कोण तर काळकाई, सोमजाई, वाघजाई, शिरकाई, म्हसोबा, भैरी, खाली सिंधुदुर्ग-गोव्याकडे सातेरी, रवळनाथ, वेताळ. मूर्ती असेलच असं नाही, शेंदूर फासलेला दगड असतो, सातेरीचं तर वारूळच असतं. आत कुऱ्हाड न्यायची नाही, पडलेलं सुकं लाकूडसुद्धा घरी आणायचं नाही, कितीतरी ठिकाणी चप्पल बाहेर काढूनच जायचं. देवळाचे वासे बदलायचेत किंवा शिमग्याच्या होळीला झाड पाहिजे तर गावकी बसणार, गुरव देवाला कौल लावणार, कौल मिळाला तर एक झाड, नाही मिळाला तर विषय संपला.

या रायांमध्ये काय टिकलंय ते बघितलं की थक्क व्हायला होतं. सत्तरच्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास सुरू केला तेव्हापासून आजवर अडीच हजारांवर राया नोंदल्या गेल्यात. मांडीएवढ्या जाडीचे गारंबीचे वेल, कवेत न मावणारे बेहडे, सातवीण, अंजनी, सुरंगी. धनेशाला घरटं करायला जुन्या झाडाची ढोली लागते आणि आजूबाजूचा डोंगर तोडून झाला की अशी झाडं उरतात ती बहुतेक राईतच. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथली भालांडेश्वराची राई आणि तिकडे गोव्यात सत्तरीतली नानोड्याजवळची निरंकाराची राई, या दोन्ही ठिकाणी रानजायफळाची दलदल आहे, चिखलातून झाडांची मुळं गुडघ्यासारखी वाकून वर आलेली दिसतात. इतकं जुनं, इतकं दुर्मिळ जंगल, आणि ते कुठल्याही अभयारण्याच्या कुंपणाने राखलं नाही, गावातल्या शेतकरी, धनगर, गुरव, कुणबी माणसांनी राखलं.

आता हे टिकलं कशामुळे? आपण पटकन म्हणतो श्रद्धेमुळे. खरंय, देवाचा धाक होताच. पण त्या धाकामागे गाव उभं होतं. राईत कोणी झाड तोडलं तर त्याला गावकीपुढे उभं राहावं लागायचं, दंड भरावा लागायचा, नारळ-कोंबडं देऊन देवाची माफी मागावी लागायची. म्हणजे ती राई कोणाची, तिचे नियम कोण करणार, मोडले तर कोण विचारणार हे सगळं ठरलेलं होतं. देव मालक, आणि देवाच्या वतीने गाव राखणदार. ही व्यवस्था काढून घेतली की नुसती श्रद्धा उरते, आणि नुसत्या श्रद्धेला लाकडाच्या ठेकेदारापुढे उभं राहता येत नाही हे कोकणात गेल्या पन्नास वर्षांत आपण डोळ्यांनी पाहिलंय.

ही व्यवस्था काढून कशी घेतली ते जरा सविस्तर सांगतो, कारण शाळेच्या इतिहासात मीठ, चरखा, रेल्वे सगळं येतं पण जंगलाचा कायदा एका ओळीत आटपतात. १८५३ ला मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि पुढे रूळ पसरत गेले तसे स्लीपरसाठी सागवान, साल, देवदार यांची प्रचंड तोड झाली. तोड इतकी झाली की सरकारलाच काळजी पडली आणि १८६४ साली जंगल खातं निघालं, डायट्रिच ब्रँडिस नावाचा जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञ त्याचा पहिला मुख्य. १८६५ ला पहिला कायदा, आणि १८७८ ला दुसरा, जास्त कडक. या दुसऱ्या कायद्याच्या वेळी सरकारातच भांडण होतं. बेडन-पॉवेल नावाचा अधिकारी म्हणत होता की लोक जंगल वापरत आले असले तरी तो त्यांचा हक्क नव्हे, राजाने दिलेली सवलत आहे, आणि सवलत कधीही काढून घेता येते. ब्रँडिसचं मत जरा मवाळ होतं, त्याला गावांकडे काही जंगल ठेवायचं होतं. या ब्रँडिसने भारतातल्या देवराया पाहिल्या होत्या, त्यांच्याबद्दल लिहूनही ठेवलंय. तरीही बाजी मारली ती कडक मताने. जंगलाचे तीन प्रकार झाले, राखीव, संरक्षित आणि ग्रामवन, आणि त्यातलं ग्रामवन बहुतेक कागदावरच राहिलं.

राखीव करण्याची पद्धत काय होती बघा. सरकार जाहीर करणार की अमुक जंगल राखीव करायचंय, ज्याचा कोणाचा हक्क असेल त्याने मुदतीत येऊन लेखी किंवा तोंडी सांगावं. मुदत तीन महिन्यांपासून पुढे. ज्याने सांगितलं नाही त्याचा हक्क संपला. आता डोंगरातल्या ठाकराला, वारल्याला, कातकऱ्याला, महादेव कोळ्याला ही नोटीस कोण वाचून दाखवणार होतं? आणि वाचून दाखवली तरी तो काय सांगणार, की हा डोंगर वाघोबाचा आहे, इथे आमची कणसरी माता आहे, माझा आजा इथे राब भाजायचा, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळायचा? सरकारी नोंदवहीत यासाठी रकानाच नव्हता. म्हणजे देव आणि माणूस दोघेही एकाच नोटिशीत बेदखल झाले, असं मला वाटतं, आणि वसाहतवादाचा आपल्या अध्यात्मावर खरा घाव कुठे बसला असं कोणी विचारलं तर मी याच नोटिशीकडे बोट दाखवीन.

त्या काळी हे कोणाला कळलं नाही असं नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७८ च्या कायद्याला विरोध केला, त्यांचं म्हणणं होतं की गावकऱ्यांना विश्वासात घेतलं तर जंगल जास्त चांगलं राखलं जाईल. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला त्यात जंगल खात्यावर आसूडच ओढलाय, की पूर्वी गरीब शेतकरी दोन गुरं-शेळ्या रानात चारून, रानातली फळं-फुलं, सुकं सरपण यांवर कसाबसा तग धरायचा, या खात्याने डोंगर, पडीक जमिनी, गायरानं सगळं घशात घातलं. ठाणे जिल्ह्यात राबाच्या आणि सरपणाच्या प्रश्नावर इतका असंतोष झाला की मुंबई सरकारला १८८५ साली फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. पुढे १९३० चे जंगल सत्याग्रह, पुसद, बिळाशी, संगमनेर, आणि उरणजवळचं चिरनेर जिथे २५ सप्टेंबरला गोळीबार झाला आणि माणसं मेली. मिठाच्या सत्याग्रहाइतकंच हे आपल्या स्वातंत्र्यलढ्याचं अंग आहे. तिकडे छोटानागपूरमध्ये बिरसा मुंडाचं उलगुलान म्हणजे उठाव १८९९-१९०० चा, त्याचं मूळही जमीन आणि जंगल हेच, आणि त्यात त्याने धर्मही सांगितला. त्या माणसाला जमीन आणि देव हे दोन वेगळे विषय कधी वाटलेच नाहीत.

मग स्वातंत्र्य मिळालं. आणि इथे मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण १८७८ च्या जागी आलेला १९२७ चा भारतीय वन कायदा आपण जसाच्या तसा चालू ठेवला. तोच कायदा, तीच वर्गवारी, तेच खातं. साहेब गेला, आपला साहेब आला. १९५२ साली गुन्हेगार जमातींवरचा शिक्का कायद्याने पुसला, १८९४ चा भूसंपादन कायदा उशिरा का होईना २०१३ ला बदलला, १ जुलै २०२४ पासून १८६० ची दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि गुलामीची खूण पुसली म्हणून गाजावाजा झाला. पण १९२७ चा वन कायदा आहे तिथेच आहे. उलट २०१९ मध्ये त्यात दुरुस्तीचा मसुदा आला होता, त्यात वन अधिकाऱ्यांना हत्यार वापरायचे जादा अधिकार होते, देशभर ओरड झाली तेव्हा नोव्हेंबरमध्ये तो मागे घेतला. २०२३ ला वन संवर्धन कायद्याचं नाव बदलून 'वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम' असं केलं, त्याच्या आदल्याच वर्षी जे नियम आले त्यांत जंगल दुसऱ्या कामासाठी वळतं करताना केंद्राने मंजुरी देण्याआधी ग्रामसभेची संमती तपासायची अट उरली नाही, ते काम राज्यांवर सोडून दिलं. नाव आपल्या भाषेत आलं आणि गावाचा आवाज मात्र कमी झाला, याला मी वसाहतीच्या वारशातून सुटका म्हणू शकत नाही, कोणी कितीही म्हणो.

हीच गोष्ट नदीच्या बाबतीत दिसते. मार्च २०१७ मध्ये उत्तराखंड हायकोर्टाने गंगा-यमुनेला जिवंत व्यक्तीचा दर्जा दिला तेव्हा आपल्याकडे खूप लोकांना आनंद झाला, मलाही झाला, गंगामैया म्हणतो ते कायद्यात आलं म्हणून. पण नदीचे पालक कोण नेमले? नमामि गंगेचे संचालक, राज्याचे मुख्य सचिव, ॲडव्होकेट जनरल. म्हणजे आई झाली तरी ताब्यात सरकारच्याच. काठावरचे मल्लाह, शेतकरी, कोळी यांना यात कुठेच जागा नव्हती. सुप्रीम कोर्टाने जुलैत त्या निकालाला स्थगिती दिली ती वेगळ्या कारणांनी, तो भाग सोडा. त्याच्या उलट न्यूझीलंडमध्ये काय झालं बघा. तिथल्या तुहोए लोकांचं 'ते उरेवेरा' नावाचं जंगल, ज्याला ते आपला पूर्वज मानतात, ते सरकारने नॅशनल पार्क करून ठेवलं होतं. २०१४ साली कायदा झाला, पार्क हा दर्जा गेला, जंगल स्वतःच स्वतःचं मालक ठरलं, आणि त्याच्या वतीने निर्णय घेणाऱ्या मंडळात काही वर्षांनी तुहोए लोकांचं बहुमत येईल अशी तरतूद कायद्यातच केली. दोन्हीकडे निसर्गाला देव किंवा पूर्वज मानलं, पण एकीकडे नुसता मान दिला आणि दुसरीकडे मानाबरोबर ताबाही दिला. हा फरक साधा नाहीये.

आपल्याकडे ताबा देणारा कायदा नाही असं मात्र नाही. २००६ चा वनहक्क कायदा आहे, आणि त्याच्या प्रस्तावनेत सरकारने स्वतः कबूल केलंय की वसाहतीच्या काळात आणि स्वतंत्र भारतातही जंगलातल्या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला. कलम ३ मध्ये गावाला आपलं सामूहिक जंगल राखायचा, वाढवायचा हक्क दिलाय, कलम ५ मध्ये तर ग्रामसभेला अधिकार दिलाय की आपला सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारसा ज्याने उद्ध्वस्त होईल अशा गोष्टी थांबवाव्यात. देवराईसाठी याहून योग्य शब्द मला तरी माहीत नाहीत.

याचं काय होऊ शकतं ते गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने दाखवलंय. गोंड लोकांचं छोटंसं गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा बहुतेकांनी ऐकली असेल, पण त्याच्या आधीची एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. ऐंशीच्या दशकात गावाने आपलं गोटुल परत उभं करायचं ठरवलं, गोटुल म्हणजे तरुण पोरापोरींनी गाणं, नाच, रीतभात, देवधर्म शिकायची जागा, ज्याला बाहेरच्यांनी वाट्टेल ते बोल लावून बदनाम केलं होतं. त्यासाठी जंगलातून सागवान आणलं. वन खात्याने ते उचलून नेलं. लोक हटले नाहीत, त्यांनी गोटुल परत बांधलं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण पूर्वजांची एक संस्था परत आणायला निघालेल्या गावाच्या पहिल्याच पावलाला जंगलाचा कायदा आडवा आला. संस्कृती परत आणायची म्हटली तर लाकूड लागतं, आणि लाकडाचा मालक सरकार. त्यातून त्या गावाला कळलं की लढाई हक्काची आहे. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी गावाबरोबर वर्षानुवर्षं बसून, अभ्यास गट चालवून, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत थांबून निर्णय घ्यायची रीत घातली. २००९ ला जवळपास १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरी बांबू विकायचा परवाना मिळेना, कारण कायद्याने बांबू म्हणजे झाड आणि झाड म्हणजे खात्याचं. २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. कागद कारखान्यांना वर्षानुवर्षं कवडीमोलाने जाणारा बांबू गावाने स्वतः विकला.

आणि त्याच गडचिरोलीत एटापल्लीला सुरजागड आहे. तो डोंगर माडिया गोंडांच्या ठाकूरदेवाचा, दरवर्षी जानेवारीत तिथे यात्रा भरते, आजूबाजूच्या इलाख्यातली गावं जमतात, १८५८ ला इंग्रजांनी चंद्रपुरात फाशी दिलेल्या बाबुराव शेडमाकेंची आठवणही तिथे काढली जाते. त्याच डोंगरात लोहखनिज आहे. ग्रामसभांनी वर्षानुवर्षं विरोधाचे ठराव केले, आणि आज खाण चालू आहे. ओडिशात नियमगिरीला असं झालं नाही कारण १८ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की डोंगराची पूजा करायचा डोंगरिया कोंधांचा हक्क ग्रामसभेनेच ठरवायचा, मग बारा ग्रामसभा बसल्या आणि बाराच्या बारांनी बॉक्साईटच्या खाणीला नाही म्हटलं. नियमराजा आणि ठाकूरदेव, दोघेही डोंगराचेच देव. एकाच्या लोकांना विचारलं गेलं, दुसऱ्याच्या लोकांना कोणी खऱ्या अर्थाने विचारलं नाही, एवढाच फरक. आपल्याकडे जे लोक मुळांकडे चला म्हणतात त्यांच्यापैकी किती जण ठाकूरदेवाबद्दल बोललेत हे मी शोधत असतो, फारसे सापडत नाहीत, आणि याचं दुःख आहे.

इथे एक प्रश्न कोणी विचारेल आणि विचारायलाच हवा. पूर्वजांकडे परत म्हणजे नक्की कोणाच्या पूर्वजांकडे? ज्या गावकीचं मी वर इतकं सांगितलं तिच्यात महारवाडा गावकुसाबाहेर होता. पालखीचे मान ठरलेले होते, आणि काहींच्या वाट्याला मेलेली ढोरं ओढायचं काम ठरलेलं होतं. कितीतरी रायांत आजही बाईला आत जायला बंदी आहे. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याबद्दल जे कडक शब्द वापरले, की ते अज्ञानाचं, कोतेपणाचं आणि जातीयतेचं आगर आहे, ते त्यांनी भोगून म्हटलं होतं. १९५६ ला नागपुरात लाखो माणसांनी वाडवडिलांचा धर्म सोडला तो मुळं तुटली म्हणून नव्हे, त्या मुळांनी गळा आवळला होता म्हणून. ज्याच्या आजोबाला त्या राईच्या वाटेवर पाऊल टाकू दिलं नाही त्याला 'चला परत' म्हणायचा अधिकार मला नाही.

म्हणूनच मी जुनी गावकी परत आणा असं म्हणत नाहीये. वनहक्क कायद्यातली ग्रामसभा म्हणजे जुनी गावकी नव्हे. तिथे गावातला प्रत्येक प्रौढ माणूस सभासद, कुठल्याही जातीचा, देव मानणारा न मानणारा. नियमांप्रमाणे निम्मी माणसं हजर पाहिजेत आणि हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश तरी बाया पाहिजेत, नाहीतर सभाच होत नाही. राई सगळ्या गावाची, बौद्धवाडीचीही, आणि तिच्याबद्दलचा निर्णय घेताना बौद्धवाडीतली बाई तिथे बसलेली असेल. असं झालं तर पूर्वजांकडून आपण राई घेऊ, झाडाला हात न लावायचा नियम घेऊ, झऱ्याचं पाणी राखायची रीत घेऊ, आणि त्यांनी माणसामाणसांत घातलेली कुंपणं तिथेच टाकून देऊ. फुल्यांनी बळीराजाला असंच निवडून आणलं होतं ना, पुराणातल्या पराभूत राजाला शेतकऱ्यांचा पूर्वज म्हणून उभं केलं, सगळं पुराण काही त्यांनी डोक्यावर घेतलं नाही.

आता आपल्या, म्हणजे कोकणातल्या आणि शहरात राहणाऱ्या लोकांच्या वाट्याचं बोलतो. देवराया आज सगळ्यात जास्त कोणामुळे जातायत? काही ठेकेदारांमुळे, काही रस्त्यांमुळे, काही खाणींमुळे, पण मोठा वाटा जीर्णोद्धाराचा आहे. मुंबई-पुण्याचे चाकरमानी श्रद्धेनेच पैसे गोळा करतात, कौलारू देऊळ पाडून स्लॅबचं मोठं मंदिर होतं, टाइल्स बसतात, गाडी थेट दारात जायला हवी म्हणून रस्ता जातो, पार्किंग होतं, आणि खर्च भागत नाही म्हणून राईतलीच झाडं विकली जातात. शेंदराच्या दगडाच्या जागी संगमरवरी मूर्ती येते, काळकाई हळूहळू कुठल्यातरी मोठ्या देवीचा अवतार होते, पुजारी बदलतो. हे करणाऱ्यांना वाटतं आपण देवाची सेवा केली. पण ज्या देवाचं घरच जंगल होतं त्याचं घर पाडून त्याला आपल्या घरासारखं घर बांधून देणं ही सेवा कशी होईल? देव राईत राहतो, आणि राईशिवाय त्या देवाला फारसा अर्थ उरत नाही. इंग्रजांनी त्या रानदेवांना भुतंखेतं म्हणून कमी लेखलं, आणि आपण त्यांना नीटनेटकं, मोठ्या देवांसारखं करून कमी लेखतोय, कारण दोघांनाही ते जसे आहेत तसे पुरेसे वाटले नाहीत.

झारखंडात सरना मानणाऱ्यांनी हे बरोबर ओळखलंय. सरना म्हणजे सालाच्या झाडांची पवित्र राई. २०११ च्या जनगणनेत सुमारे ५० लाख लोकांनी धर्माच्या रकान्यात स्वतःहून सरना लिहिलं, ११ नोव्हेंबर २०२० ला झारखंड विधानसभेने वेगळ्या सरना कोडचा ठराव केला. आमचा धर्म राईत आहे, आम्हाला दुसऱ्या कोणाच्या रकान्यात घालू नका, एवढंच त्यांचं म्हणणं. आपल्याकडच्या आदिवासींचंही बहुतेक हेच म्हणणं असतं, ते ऐकून घ्यायला आपल्याला वेळ नसतो.

१८ डिसेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने राजस्थानातल्या ओरणांबद्दल म्हणजे तिथल्या देवरायांबद्दल निकाल दिला, त्यांची नोंद करायला सांगितलं आणि देशभरातल्या देवरायांसाठी धोरण करावं अशी शिफारसही केली. चांगलं आहे. पण धोरण करताना राई 'वन' म्हणून खात्याच्या नावावर चढली आणि गाव बाहेर राहिलं, तर १८७८ चीच पुनरावृत्ती होईल, फक्त या वेळी हेतू चांगला असेल. ओरणातल्या गुराख्यांना हीच भीती वाटते आणि त्यांची भीती रास्त आहे. त्याच निकालात वनहक्क कायद्याचाही उल्लेख आहे, तो धागा महाराष्ट्राने पकडायला हवा. सामूहिक वनहक्कात आपलं राज्य देशात पुढे आहे, पण ते गडचिरोलीच्या जोरावर. कोकणात, मावळात, देवराया जिथे सगळ्यात दाट तिथे हे काम जवळपास झालंच नाही. एक अडचण अशी की बिगरआदिवासी गावांना १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षं तिथे राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. हक्क घेताना इंग्रजाला तीन महिन्यांची नोटीस पुरली आणि परत देताना आपण ७५ वर्षांचे कागद मागतो. दुसरी अडचण म्हणजे राईचा सातबारा. कुठे वन खातं, कुठे महसूल, कुठे देवस्थान, कुठे चक्क खाजगी नावं, आणि गावातल्या निम्म्या लोकांना पत्ताच नसतो की आपल्या देवाची जमीन कागदावर कोणाची आहे.

तेव्हा माझं मागणं दोन टोकांना आहे. सरकारकडे हे, की १९२७ च्या कायद्याला २०२७ मध्ये शंभर वर्षं होतील, त्याच्या आत तो रद्द करून ग्रामसभेला केंद्रस्थानी ठेवणारा नवा कायदा करा, आणि ७५ वर्षांच्या अटीसाठी देवराईच पुरावा म्हणून धरा, कारण दोन-तीनशे वर्षांचं झाड आणि त्याखालचा देव हा गाव तिथे असल्याचा कुठल्याही कागदाहून जुना दाखला आहे. आणि गावी जाणाऱ्या आपल्या सगळ्यांकडे हे, की येत्या शिमग्याला जाल तेव्हा स्लॅबची वर्गणी भरायच्या आधी राईचा सातबारा काढा, हद्द मोजून घ्या, ग्रामसभेत वनहक्क समिती आहे का ते विचारा, नसेल तर विषय लावून धरा, आणि त्या सभेला सगळ्या वाड्या येतील हे बघा.